चपटी कुणाची

वह्यांच्या कारखान्यात मास्तरांना मिळालेल्या खोलीला खिडकी नव्हती. एका बाजूला कागदाची कोठी, दुसऱ्या बाजूला कटिंग मशीन, मधे प्लायवुडच्या दोन भिंती उभ्या करून ती केलेली. मशीनचं पातं खाली आलं की टेबलावरच्या पेन्सिली जराशा सरकत. मास्तर त्या न बघताच पुन्हा जागेवर ढकलत.

मास्तर म्हणजे खरोखरचे मास्तर. अकरा वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. मग शाळेनं चित्रकलेचे तास कॉम्प्युटरला दिले आणि मास्तरांना नारळ दिला. पुढची तीन वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शिकवणीवाल्यांना हृदयाच्या नि मूत्रपिंडाच्या आकृत्या काढून दिल्या. शेवटी बायकोच्या थोरल्या भावानं शब्द टाकला. तो त्याच कारखान्यात खरेदी बघायचा. मास्तर कव्हर-विभागात चिकटले. विभाग म्हणजे मास्तर एकटेच. मांजराची पिल्लं, डोंगरामागचा सूर्य, लाल गाडी. दोन वर्षांत मांजराची एकतीस पिल्लं झाली होती आणि त्यातलं एकही आपल्या मनानं बसलेलं नव्हतं. विक्रीच्या मॅडम सांगतील तसंच प्रत्येक पिल्लू बसलं होतं.

सोडायची सोय नव्हती. मेहुणा दर भेटीत म्हणायचा, "मास्तर, माझ्या शब्दावर घेतलंय बरं का तुम्हाला." म्हणायचाही प्रेमानं. अवघड तेच होतं. वाईट माणूस असता तर एकदा भांडून मोकळं तरी होता आलं असतं.

त्या वर्षी मॅडमनी नवी टूम काढली. सात शाळांमधल्या पाचवीच्या मुलांनी आपापला चित्रकथेतला हिरो तयार करायचा, आणि निवडलेला हिरो वर्षभर वह्यांच्या शेवटच्या चार पानांवर छापायचा. मुलांना शिकवायला अर्थात मास्तर.

पहिल्या शाळेच्या वर्गात पाय ठेवला तेव्हा खडूचा वास आला आणि मास्तरांना आपण इतके दिवस तोंडानं श्वास घेत होतो की काय असं वाटलं.

पहिल्या तासाला सगळ्या शाळांमधून एकच हिरो निघाला. रुंद छाती, पाठीला फडकं, डोळ्यांतून आग. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "आता आपापला हिरो आतून पूर्ण काळा रंगवा. डोळे नकोत, कपडे नकोत, नुसती सावली." मुलांनी हळहळत रंगवला. मास्तरांनी सगळे कागद फळ्यावर लावले. "आता आपापला ओळखा बघू." कुणाला ओळखता येईना. दोघं एकाच चित्रावरून हमरीतुमरीवर आले. वर्ग हसला, आणि मग खरं काम सुरू झालं. नुसत्या सावलीवरून ओळखू येईल असा माणूस शोधायचा. कुणाचा भोपळ्यासारखा गोल, कुणाचा शिडीसारखा, एकाचा तर नुसता कोपरांचा.

दुसऱ्या तासाला मास्तर विचारत, "त्याला काय येतं ते नंतर. त्याला काय येत नाही, ते आधी सांगा."

"माझ्या हिरोला सगळं येतं, सर."

"मग तुझी गोष्ट पहिल्याच पानावर संपली. बस खाली."

पाचव्या शाळेत, शेवटच्या बाकावर, एका मुलीच्या कागदावर फक्त एक उभी रेघ होती.

"हे काय?"

"ती आहे. बाजूनं."

"आणि समोरून?"

मुलीनं शेजारी दुसरं चित्र काढलं. दोन वेण्या, गुडघ्यापर्यंतचा झगा, झग्याला एक मोठा खिसा. साधीच मुलगी. "चपटी," ती म्हणाली. मागची दोन मुलं फिसकन हसली. "कागदाएवढी पातळ आहे. कुठल्याही दाराखालून आत जाते."

"बरं. आणि काय येत नाही?"

"आतल्या माणसाला बाहेर काढता येत नाही. तो जाड असतो ना."

"मग आत जाऊन करते काय?"

"बसते," मुलगी म्हणाली. "किल्लीवालं माणूस येईपर्यंत सोबत बसते."

सात शाळांमधल्या तीनशे मुलांनी जग वाचवलं होतं, पण कुणाच्या शेजारी बसायचं कुणाला सुचलं नव्हतं. "कधी सुचली तुला ही?"

"दुपारी," ती म्हणाली. रोज जायच्या एखाद्या गावाचं नाव सांगावं तसं.

मग तिची अडचण निघाली. दाराखालून जाताना चपटी दिसते कशी? मास्तरांनी जाड कागदाची बाहुली कापायला सांगितली आणि सगळ्या वर्गाला जमिनीवर पालथं पाडलं. मुलीनं बाहुली वर्गाच्या दाराखालून सरकवली. बाहेरून चाललेला शिपाई पायाशी आलेली बाहुली बघून दचकला. मुलगी जमिनीला गाल लावून बघत होती. "सर, सरळ गेली तर नाक अडेल!" तेव्हापासून चपटी दाराखालून जाताना कायम मान वळवून जायची, एक गाल फरशीला, एक डोळा वर.

तिची दुपार कशी असते ते मास्तरांना वर्गशिक्षिकेकडून कळलं. घरात ती आणि आई, दोघीच. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत दुपारच्या पाळीला. शाळा सुटली की मुलीला घरी आणून सोडायची, बाहेरून कुलूप लावायचं आणि दोनला कामावर. ते कुलूप सातला उघडायचं.

चौथ्या तासाला फॉर्म वाटले. पालकांची सही हवी. फॉर्मच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की चित्र, नाव, कल्पना आणि पुढच्या सगळ्या गोष्टी कायमच्या कारखान्याच्या. हे मास्तरांना पाठ होतं, कारण फॉर्म त्यांनीच जुळवला होता. "ओळी मावत नाहीत, मास्तर, अक्षर आणखी बारीक करा," मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मास्तरांनी केलं होतं.

चपटी निवडून आली. शाळेच्या हॉलमध्ये फोटो काढला. आई लाँड्रीच्या निळ्या अंगरख्यातच आली होती. फोटो झाल्या झाल्या घड्याळ बघत निघून गेली.

मॅडमना हिरो आवडली, नाव नाही. "चपटी? मास्तर, पोरांच्या वहीवर? उद्या पालक विचारतील, सोबत सोडा कुठाय?" त्यांनी पानपरी असं नाव ठेवलं. तिला लाल बूट घातले. "आणि बारा गोष्टी द्या पटापट. चार-चार पानांच्या."

मास्तरांनी दोन आठवडे मान मोडून प्रयत्न केला. पानपरी उडे, लढे, चोर पकडे, पण जिवंत होईना. कागदावरची मुलगी त्यांच्याकडे अशी बघायची, जणू तिला चुकीच्या घरात आणून सोडलंय.

मुलीच्या घरी बक्षिसाच्या वह्यांचा खोका पोचवायचा राहिला होता. शिपायाला पाठवता आलं असतं, पण मास्तर स्वतः निघाले. तिसरा मजला. खोका दोन्ही हातांत असल्यामुळे कुलूप दिसलंच नाही. त्यांनी कोपरानं दार वाजवलं आणि मग वर बघितलं. आत पावलांचा आवाज येऊन थांबला.

"मी चित्रकलेचे सर. वह्या आणल्यात."

दाराखालच्या फटीत सावली आली. "मला दाराशी कुणाशी बोलायचं नाहीये. आईनं सांगितलंय."

"बरोबर सांगितलंय. खोका ठेवतो आणि जातो."

ते दोन पायऱ्या उतरलेही. मागून आवाज आला, "सर, शाळेतल्या पोस्टरवर तिला बूट का घातलेत? बूट दाराखाली अडकतील."

तिथून खाली निघून जायला हवं होतं, हे मास्तरांना त्याही वेळी कळत होतं. ते पायरीवर बसले.

"अडकतीलच," ते म्हणाले. "मग काय करायचं?"

आत पानं चाळल्याचा आवाज झाला आणि फटीतून एक कागद बाहेर आला. सहा चौकटी. एका बाईच्या न्हाणीघराची कडी अडकलीय. ओरडायची लाज वाटते म्हणून ती गप्प बसलीय. चपटी आत जाते, पाठ करून बसते, आणि दोघी मिळून फरशा मोजतात. शेवटच्या चौकटीत सुतार येतो. बस. मास्तरांनी ती तीनदा वाचली.

त्यानंतर ते चार दुपारी गेले. शटर पडलेल्या दुकानातलं कुत्रं, बंद लिफ्टमधले दोन भांडखोर भाऊ, एक रखवालदार, जो आत कोंडला गेलाय हे साहेबाला सांगायला घाबरतो. प्रत्येकाजवळ चपटी वेगळी वागायची. भावांमध्ये तर ती भिंतीसारखी उभी राहायची, बाजूनं, म्हणजे कुणाला दिसायचीच नाही. मास्तर पायरीवरून सुचवत, "तिसऱ्या चौकटीत दार मोठं काढ, माणूस बारका. म्हणजे कोंडल्यासारखं वाटेल." आतून थोडा वेळ पेन्सिलीचा आवाज. "असं?" कागद बाहेर. "अजून मोठं." कागद आत.

मास्तरांनी त्या गोष्टी स्वच्छ काढून मॅडमना दिल्या. बूट काढून टाकले, मॅडमना पत्ताही लागला नाही. त्या खूश होत्या. "मास्तर, तुमच्यात एवढं काही आहे हे आम्हाला कळलंच नाही की!"

बोलायची हीच वेळ होती. मास्तरांनी तोंड उघडलं. दारात मेहुणा उभा होता, अभिमानानं हसत. मास्तर म्हणाले, "सुचतं कधीकधी."

ते घरी आले. बायको म्हणाली, "अहो, चेहरा का असा?" ते म्हणाले, "मशीनचा आवाज." खोटं बोलायचं काम एकदा अंगावर घेतलं की ते घरापर्यंत पाठीमागे येतं.

पुढच्या खेपेला दाराला कुलूप नव्हतं. दार उघडंच होतं आणि उंबऱ्यात मुलीची आई उभी होती. शेजारणीनं सांगितलं होतं.

"पाळी बदलून थांबलेय," ती म्हणाली. "मला बघायचं होतं कोण येतं ते. दार वाजलं तरी आवाज द्यायचा नाही, हे मी तिला दोन वर्षं शिकवलंय. आणि तुम्ही पाच दिवसांत तिला जिन्यावरच्या माणसाशी गप्पा मारायला शिकवलंत. उद्या दुसरा कोणी येऊन म्हणेल, मी सर आहे. मग?"

"चुकलं माझं," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. गोष्टी कुणाच्या, नाव कुणाचं झालं, सगळं. आतल्या खोलीच्या दारात मुलगी वेणीचं टोक चावत ऐकत होती.

"मग वहीवर तिचं नाव येईल?" आईनं विचारलं.

"आणतो," मास्तर म्हणाले. कोणत्या जोरावर म्हणाले, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना खरं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं. "मास्तर, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही. फॉर्मवर सही आहे. नाव टाकलं की उद्या सातही शाळांचे पालक दारात. आणि दुसरं, बरं झालं आलात. शाळेतून कळलंय की ती पोरगी स्वतःच वह्या शिवून चपटीच्या गोष्टी वर्गात फिरवते. वीस-पंचवीस पोरं वाचतात. आपली वही यायच्या आधी हे थांबायला हवं. तुमचं ऐकेल ती. तुम्हीच सांगा."

"मी?"

"नाहीतर कारखान्याचं पत्र जाईल. घरी, शाळेत. ते बरं दिसेल का?"

मास्तर आपल्या खोलीत येऊन बसले. पातं खाली येत होतं, पेन्सिली सरकत होत्या. नाही म्हणावं तर पत्र जाणार, त्या बाईच्या हातात, लाँड्रीच्या धावपळीत. हो म्हणावं तर आपल्याच तोंडानं त्या मुलीला सांगायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या जागेत प्लायवुड.

रविवारी सकाळी, आई घरी असताना, ते गेले. आईनं खुर्ची दिली. मास्तरांनी एका दमात सांगितलं. आईनं कपाटातून फॉर्मची प्रत काढली, उलटी करून खिडकीशी नेली आणि डोळे बारीक करून वाचू लागली. बराच वेळ वाचत होती.

"मी यावर कामावर जाता जाता, जिन्यात सही केली," ती म्हणाली. "मुलीनं सांगितलं, सर चांगले आहेत." मग तिनं कागद खाली केला. "तुम्ही वाचलं होतं का हे? तेव्हा?"

"हो," मास्तर म्हणाले. "अक्षर मीच बारीक केलं."

आईनं फॉर्म घडी करून कपाटात ठेवला. ती ओरडली असती तर मास्तरांना पेललं असतं.

मुलीनं विचारलं, "म्हणजे चपटी आता माझी नाही?"

"तू काढलीस, म्हणजे तुझीच. पण फॉर्मवर तसं लिहिलेलं नाही."

"मी तिला शाळेत काढू शकत नाही?"

"नाही."

"घरी?"

मास्तरांना सांगता आलं असतं, घरी कोण बघतंय, काढ खुशाल. त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण मुलगी आधीच उठली होती. तिनं गादीखालून कागदांचा गठ्ठा काढला, कडा जुळवल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"सात आहेत. त्यातल्या दोन अर्धवट आहेत. तुम्हाला बारा लागतात ना?"

"मला नकोत गं."

"मलापण नकोत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उगाच पेला धुवत बसली.

गठ्ठा तिथेच ठेवून यावा असं मास्तरांना फार वाटलं. पण आईनं दार उघडून धरलं होतं, आणि मुलीनं हातानं दिलेली वस्तू जमिनीवर टाकून जाणं त्यांना जमेना. तो घेऊन ते उतरले. सगळ्या रस्त्यात लोक आपल्या हाताकडे बघताहेत असं त्यांना वाटत राहिलं.

ते कागद त्यांनी मॅडमना दिले नाहीत. सोमवारी सांगितलं, "पानपरी मी काढणार नाही. मांजरं काढतो, गाड्या काढतो, सांगाल ते काढतो. ही नाही."

संध्याकाळी मेहुणा घरी आला. चप्पलही न काढता बोलू लागला. "मास्तर, माझं नाक कापलंत तुम्ही. कुणाच्या पोरीच्या चित्रापायी? चित्रच ते!"

"चित्रच आहे," मास्तर म्हणाले. "मग दुसऱ्याकडून काढून घ्या."

"उद्या काढून टाकलं तर? ताईच्या घरात काय शिजणार? माझ्याकडे यायचं नाही मग."

मास्तरांची बायको आतून येऊन दारात उभी राहिली. "दादा, मी तुझी धाकटी बहीण, मला ताई म्हणायला लागलास म्हणजे फारच घाबरलायस," ती म्हणाली. "बस. चप्पल काढ आधी." मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही. इतके दिवस मशीनचा आवाज सांगत होतात मला?"

काढून टाकलं नाही. मेहुण्यानं पुन्हा एकदा शब्द टाकला असावा. त्यानं कधी सांगितलं नाही, मास्तरांनी विचारलं नाही, त्यामुळे ते ओझंही डोक्यावर बसलं. पानपरी बाहेरच्या एका तरुण चित्रकाराकडे गेली. त्यानं बूट परत घातले आणि मास्तरांनी दिलेल्या गोष्टीही बदलून टाकल्या. पहिल्या वहीत तिनं लाथ मारून दार फोडलं. मुलांना आवडलं, वह्या खपल्या. मॅडमनी एवढं मात्र केलं, की पानाच्या तळाशी एक ओळ टाकली: कल्पना, इयत्ता पाचवीतील एक विद्यार्थिनी. त्या ओळीचं अक्षर जुळवायचं काम मास्तरांकडेच आलं. त्यांनी ते जेवढं मोठं बसेल तेवढं केलं. छापून आलं तेव्हा कुणीतरी पुन्हा लहान केलेलं होतं.

मास्तर मांजरं काढत राहिले. बत्तिसावं, तेहेतिसावं.

महिनाभरानं त्यांनी मुलीच्या आईला लाँड्रीच्या दाराशी गाठून विचारलं, रविवारी येऊन मुलीला चित्रकला शिकवली तर चालेल का. आई हातातली चादर घडी करत राहिली. "कशासाठी? पुन्हा कुठली स्पर्धा आहे?"

"नाही. कसलीच नाही."

"आता शेजारच्या आजींकडे किल्ली असते," ती म्हणाली. जणू याच प्रश्नाचं उत्तर होतं ते. दोन आठवडे तिचा निरोप नाही. तिसऱ्या आठवड्यात आला: मी घरी असताना, एक तास, दार उघडं ठेवून.

मास्तर गेले. मुलगी जमिनीवर बसून काढत होती. त्यांना बघून तिनं अख्खा हात कागदावर आडवा टाकला. नवीन कुणीतरी होतं त्या हाताखाली. खांद्याचा कोपरा तेवढा दिसत होता. मास्तरांनी मान दुसरीकडे केली आणि गठ्ठा पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवला. "नऊ आहेत. तू दिलेल्या सात, आणि जिन्यावरच्या दोन माझ्याकडे राहिलेल्या. त्या सात कुणाला दाखवल्या नाहीत."

तिनं गठ्ठ्याकडे बघितलं, उचलला नाही. पेन्सिल चालू राहिली. आई पलीकडे अंगरख्याचं बटण लावत होती. अर्धा तास गेला. मास्तरांना वाटलं, उठावं आता.

"सर," मुलगी कागदावरचा हात न काढता म्हणाली, "मूठ वळलेली असेल तर अंगठा आत असतो की बाहेर?"

"कशासाठी वळलीय त्यावर आहे."

"ते नाही सांगणार."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा कोपरा ओढला, आधी एक चौकोन काढला, मग त्यावर चार बोटांची घडी. "हा अंगठा बाहेर. आणि हा आत. दोन्ही बघून ठेव, तुला हवा तो घे."

तिनं मान तिरकी करून दोन्ही मुठी नीट बघितल्या, मग वर्तमानपत्र आपल्याकडे ओढून घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.